लाइट गेली तेव्हा

अक्कलकोट रोडला, एमआयडीसीत,
चुका शोधण्याचा मला पगार मिळतो.
टॉवेल टेबलावर येतो, मी दोन्ही हातांनी पसरते,
उजेडाकडं धरते, उलटा करते.
सुटलेला लूप, तेलाचा ठिपका, कडेची वाकडी शिलाई.
दिसली चूक, की लाल दोरा.
नाही दिसली, की पुढचा.
दिवसाला आठशे.
कंटेनर भरायचा असला की हजार,
आणि आज कंटेनर आहे.

सतरा वर्षांत डोळ्यांना अशी खोड लागलीय
की लग्नाला गेले तरी आधी
नवरीच्या शालूचा ओढलेला धागा दिसतो.
सून म्हणते, आत्या, घरातल्या चादरीला तरी सोडा.

सकाळपासून बिराजदार साहेब तीनदा येऊन गेले.
मागांच्या खडखडाटात आवाज कुणाचाच येत नाही,
नुसते ओठ हलतात, आणि मनगटावरच्या घड्याळावर बोट.
ओठ वाचायला आम्ही सगळ्याच शिकलोय इथं.
नरसूबाई येमुलचे तेलुगू ओठसुद्धा
मला आता निम्मेअधिक कळतात.

बाराला दहा कमी होते.
लाइट गेली.

सगळे माग एकदम थांबले,
तरी खडखडाट कानात चालतच राहिला,
एसटीतून उतरल्यावर पायांखाली
रस्ता हलत राहतो तसा.
मग तोही उतरला.

पत्र्यावर चिमणी चालत होती.
उडत नव्हती, चालत होती. नखं वाजत होती तिची.
गेटबाहेर कुणीतरी ट्रकची फळी पाडली.
इरफानला खोकला झालाय.
चार वर्षं पलीकडच्या मागावर आहे तो,
त्याचा खोकला मी आज ऐकला.

आणि नरसूबाई गुणगुणत होती.
"आज काय विशेष?" म्हटलं.
"रोजच की," म्हणाली.
रोजच!
ओठ वाचता येतात, गं,
चाल कुठं दिसते ओठांवर.

डिझेल आणायला पोरगं पळालं.
"किती वेळ लावतो बे!" साहेब सवयीनं ओरडले
आणि एवढ्या मोठ्या आवाजाला स्वतःच दचकले.
कुणीतरी फिस्सकन हसलं.
साहेबही, टोपीनं वारा घेत, खोक्यावर बसले.
बसलेले साहेब मी पहिल्यांदा बघितले.

नरसूबाईनं डबा उघडला.
कडक भाकरी मोडली. कट्.
जन्मभर खातेय मी कडक भाकरी,
हा आवाज इथं कधी आलाच नव्हता.
तिनं अर्धी माझ्याकडं सरकवली, वर शेंगाची चटणी,
आणि आम्ही दोघी मुद्दाम
हळूहळू, आवाज करत खाल्ली.

वरच्या पारदर्शक पत्र्यातून ऊन उतरलं होतं,
त्यात कापसाचा तूस.
माग चालू असताना तो सैरावैरा पळतो.
आता सावकाश खाली येत होता,
नरसूबाईच्या गजऱ्यावर, साहेबांच्या मिशीवर,
पास झालेल्या टॉवेलांच्या ढिगावर.

त्या ढिगावर मी गाल टेकवला.
कुठल्या देशात जातो हा माल, ठाऊक नाही.
कुणाचं तरी ओलं तोंड असेल, थंडीतलं.
आधी माझं. घामाचं तर घामाचं.
"काय करलालीस गं?" नरसूबाई म्हणाली.
"चेकिंग."

मग जनरेटर धडधडला.
नऊ मिनिटं गेली.
साहेबांनी ती वहीत लिहिली, तोट्याच्या रकान्यात,
आणि टोपी घालून पुन्हा साहेब झाले.

मी पुढचा टॉवेल पसरला, उजेडाकडं धरला.
कोपऱ्यात लूप सुटला होता. लाल दोरा बांधला.
मान वर केली तर समोर
नरसूबाईचे ओठ हलत होते.
खडखडाटात काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.
तरी दुसऱ्या ओळीला
माझा हात टेबलावर ठेका धरून होता.